उरलेली अर्धी बातमी

“स्कोअर किती?”

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत ज्यांच्या घरी कुणी आजारी होतं, त्यांनी हा प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी ऐकला असेल. पाहुण्यांचा फोन आला की ताप, जेवण, झोप यांची विचारपूस मागाहून, आधी स्कोअर. छातीच्या एचआरसीटी तपासणीत फुप्फुसाचे पाच भाग वेगवेगळे बघतात, कोणता भाग किती बाधित झालाय त्यानुसार प्रत्येकाला पाचपैकी आकडा देतात आणि बेरीज पंचवीसपैकी लिहितात. रेडिओलॉजिस्टने डॉक्टरसाठी केलेली ती एक खूण. वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरच्या चर्चांमधून ती घराघरांत पोचली आणि बघता बघता तिचा दहावीचा निकाल झाला, फक्त उलटा. ‘मामांचा आठच आलाय, काही काळजी नाही.’ ‘वहिनींचा सोळा, रेमडेसिव्हिर कुठं मिळतंय का बघा.’

मामांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितला का, चार पावलं चालल्यावर त्यांना धाप लागते का, तापाचा आजचा कितवा दिवस, हे प्रश्न मागे पडले. तपासणीसाठी रांगा इतक्या लागल्या होत्या की राज्य सरकारने आधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, तिचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधून दिले होते. मग ३ मे २०२१ रोजी ‘एम्स’चे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की सौम्य आजारात सीटी स्कॅन करू नका, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांची संघटना भडकली. हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे, आताचा कमी मात्रेचा सीटी पाच-दहा एक्स-रेइतकाच, असं तिचं म्हणणं. दोन्ही विधानं बातमी होऊन आली. घरात बसलेल्या माणसाने काय करायचं, हे दोन्ही बातम्यांतून कळलं नाही. रेमडेसिव्हिरचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२० रोजीच त्याचा वापर करू नये अशी शिफारस केली होती. पण त्या एप्रिलमध्ये पहिल्या पानावर काय होतं? इंजेक्शनसाठी रांग, इंजेक्शनचा काळाबाजार, इंजेक्शनचा साठा जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात. ज्या औषधासाठी एवढी मारामार चालली आहे ते रामबाणच असणार, असं वाचणाऱ्याला वाटलं, तर चूक त्याची कशी म्हणायची?

या बातम्यांत खोटं काहीच नव्हतं. रांग होती, तुटवडा होता, स्कोअरचा आकडा बरोबर होता. बातम्या अर्ध्या होत्या एवढंच. आरोग्याविषयीच्या माहितीची चर्चा निघाली की बोट लगेच अफवांकडे जातं, व्हॉट्सॲपकडे जातं, ‘लोक अडाणी आहेत’ इथपर्यंतही जातं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव धुंडाळला तर वेगळंच काही हाती लागतं. धादांत खोट्या बातमीपेक्षा खरी पण अर्धी राहिलेली बातमी इथं जास्त महागात पडलेली दिसते, कारण उरलेली अर्धी बाजू लोक आपल्या जुन्या भीतीने आणि जुन्या संशयाने भरून काढतात. पुढे ज्या विषयात शिरायचं आहे, त्याचं दार इथून उघडतं.

इस्लामपूरपासून सुरुवात करावी लागेल. आता या गावाचं नाव ईश्वरपूर झालं आहे, पण २०२० च्या मार्चमध्ये सबंध महाराष्ट्राने ते ऐकलं ते जुन्या नावानेच. सौदी अरेबियाची यात्रा करून परतलेल्या एका कुटुंबातले चार जण २३ मार्चला बाधित निघाले. आठवड्याभरात आकडा २५ वर गेला. त्या वेळी सगळ्या राज्यात रुग्ण होते सव्वादोनशेच्या आत. म्हणजे महाराष्ट्रातला दर आठवा-नववा रुग्ण वाळवा तालुक्यातल्या या एका गावातला. वाहिन्यांच्या पट्टीवर ‘सांगली २५’ फिरू लागलं. पुण्या-मुंबईत राहणारे सांगलीकर घरी फोन करून विचारू लागले, ‘रस्त्यावर माणसं पडलीत का?’

पट्टीवर न मावलेली गोष्ट अशी होती की हे जवळपास सगळे एकाच गोतावळ्यातले आणि त्यांच्या निकटच्या संपर्कातले होते. साथ गावात पसरलेली नव्हती. ती एका घराच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या उंबऱ्याआत होती. प्रशासनाने भोवतालचा भाग बंद केला, घरोघर तपासणी केली, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली. आकडा २६ वर थांबला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. तेव्हा मग ‘इस्लामपूर पॅटर्न’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला. तीन आठवड्यांपूर्वी ज्या गावाचं नाव घेताना लोक तोंडावरचा रुमाल सावरत होते, त्याचं कौतुक सुरू झालं. दोन्ही वेळी गाव तेच, आकडाही जवळपास तोच.

मधल्या दिवसांत जे व्हायचं ते झालंच. बाधित कुटुंब मुसलमान, गावाचं नाव इस्लामपूर, आणि त्याच सुमारास, मार्चच्या अखेरीस, दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी जमातच्या मेळाव्याची बातमी फुटली. आजार, धर्म आणि गाव यांची अशी मोट बांधली गेली की भाजीच्या गाड्यावर नाव विचारून भाजी घेणारे निघाले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि छापील तसंच इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या अपप्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. निकाल बातमी म्हणून आला तो आतल्या पानांत. भीती पहिल्या पानावर आली होती.

साताऱ्याची भीती वेगळ्या दिशेने आली. पाटण, जावळी या तालुक्यांतली कितीतरी घरं मुंबईवर चालतात. माथाडीत, गिरणीत, टॅक्सीवर दोन-तीन पिढ्या गेल्या. ‘मुंबईकर’ हा तिथं एरवी मानाचा शब्द. यात्रेला तो आला की पालखीची वर्गणी भरतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला हात सैल सोडतो. टीव्हीवर मुंबईचे आकडे दिसू लागले आणि त्याच मुंबईकरासाठी वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या. कुठं रस्ता खणला, कुठं आडवं लाकूड टाकून चार पोरं पहाऱ्याला बसवली. आलेल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस, जेवणाचा डबा खिडकीतून. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या थोरल्या भावाशी धाकटा कंपाउंडच्या बाहेरून बोलतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत. मुंबईत साथ आहे ही बातमी खरी होती. मुंबईहून आलेला प्रत्येक माणूस म्हणजे साथ, ही त्या बातमीची गावाने स्वतः भरलेली अर्धी बाजू.

आणि त्यातला काव्यगत न्याय असा, की तोच संशय फिरून बातमीच्याच अंगावर आला. वर्तमानपत्राच्या कागदावरून विषाणू घरात येतो, अशी चर्चा सुरू झाली. सोसायट्यांनी पेपरवाल्या पोरांना फाटकाशी अडवलं, कुणी अंक उन्हात टाकला, कुणी त्यावर इस्त्री फिरवली. १८ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायलाच बंदी घातली. ओरड झाल्यावर तीन दिवसांत ती बरीचशी मागे घेतली गेली. कागदावरून संसर्ग पसरत नाही, हे सांगण्यासाठी वर्तमानपत्रांना आपल्याच पानांवर डॉक्टरांच्या मुलाखती छापाव्या लागल्या. ज्यांना त्या वाचून धीर आला असता त्यांनी पेपर आधीच बंद केला होता.

त्याच्या महिनाभर आधी कोंबडीची पाळी येऊन गेली होती. हे प्रकरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण माहिती खिशापर्यंत कशी पोचते ते त्यात उघड दिसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये, भारतात रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना, चिकन खाल्ल्याने कोरोना होतो असे संदेश फिरू लागले. सोबत रोगट कोंबड्यांची छायाचित्रं. मूळ बातमी खरी होती: वुहानच्या ज्या बाजारात सुरुवातीचे रुग्ण सापडले तिथं जिवंत प्राणी विकले जात. कोंबडीचा त्यात काही संबंध नव्हता. पण महाराष्ट्राला २००६ सालचं नवापूर आठवत होतं. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच सापडला होता आणि लाखो कोंबड्या पुरल्या होत्या. नव्या बातमीला जुनी आठवण चिकटली.

आता विट्याच्या बाजूच्या एखाद्या शेडमध्ये काय होतं बघा. खानापूर तालुका दुष्काळी, म्हणून इथल्या माणसाने गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा धरला, यंत्रमाग धरले आणि कुक्कुटपालन धरलं. ब्रॉयलरची बॅच चाळीस-बेचाळीस दिवसांची असते. पक्षी दोन किलोच्या आसपास आला की त्याच दिवसांत तो उचलला गेला पाहिजे. व्यापाऱ्याची गाडी आली नाही तर पक्षी थांबत नाही. तो खात राहतो, खाद्याच्या पिशव्या रोज फुटत राहतात, आणि वजन वाढलेल्या पक्ष्याला गिऱ्हाईक आणखी कमी. किलोमागे सत्तरच्या आसपास खर्च आलेला, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवरचा दर घसरत घसरत काही ठिकाणी दहा रुपयांवर, त्याच्याही खाली आला. विकावं तर तोटा, ठेवावं तर रोज वाढता तोटा. कुणी गावात फुकट वाटल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने मार्चमध्ये सहा हजारांच्या आसपास कोंबड्या जेसीबीने खड्डा काढून जिवंत पुरल्या, आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. गंमत म्हणावी की दैव, तोट्यापायी पुरलेल्या कोंबड्यांचा तो व्हिडिओ पुढे ‘बघा, रोगट म्हणून पुरल्या’ असा पुरावा म्हणून ढकलला जाऊ शकत होता. चित्राला तोंड नसतं. मथळा जो देईल ते त्याचं म्हणणं.

पशुसंवर्धन खात्याने खुलासे काढले, पोल्ट्रीवाल्यांच्या संघटनांनी तक्रारी केल्या. तेलंगणात तर मंत्र्यांनी व्यासपीठावर बसून चिकन खाल्लं. याने गिऱ्हाईक परतलं का? थोडंफार. मंत्री खातात म्हणून लोक खातात, यावर मंत्र्यांचाच विश्वास जास्त असतो.

हे सगळं मोबाइलने आणलं असं समजायचं कारण नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा मोबाइल नव्हता, पण मोमियाईची अफवा होती: इस्पितळात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या शरीरातून तेल काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला, हे वाचकांना आठवत असेल. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करायला जी समिती नेमली तिचा अध्यक्ष वॉल्टर रँड. हा अधिकारी आला कुठून? साताऱ्याहून. १८९४ मध्ये मशिदीसमोर वाद्यं वाजवण्याच्या वादात वाईतल्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात पाठवणारा साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर तो हाच. प्लेगच्या तपासणीसाठी त्याचे सोजीर दारात उभे राहिले तेव्हा पुण्यातल्या लोकांना आजार दिसायच्या आधी वाईचा रँड दिसला. रोगी वेगळा काढणं, घर धुऊन घेणं, सामान जाळणं यामागे काही वैद्यकीय विचार होता. तो लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायची गरज मात्र कुणाला वाटली नाही. अर्धी बातमी सरकारनेच दिली, उरलेली संगिनीने.

त्या काळातल्या मराठी पत्रांचं वागणं आजच्या संपादकांनी पुन्हा वाचावं असं आहे. टिळकांनी ‘केसरी’तून तपासणीच्या जुलमावर टीका केली, आणि त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदू इस्पितळ काढायला पुढाकार घेतला. म्हणजे घाबरू नका म्हणायचं, तर जायचं कुठं तेही दाखवायचं. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सरकारने मराठी पत्रांवर राजद्रोहाचे खटले भरले. ‘केसरी’चा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्याच वर्षी वाईचं ‘मोदवृत्त’ आणि इस्लामपूरचं ‘प्रतोद’ हीही पत्रं कोर्टात उभी होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. एका साथीच्या वर्षी इस्लामपूरचं नाव गाजलं ते तिथल्या छापखान्यामुळे, आणि १२३ वर्षांनी दुसऱ्या साथीत गाजलं ते तिथल्या रुग्णांमुळे.

मोमियाई मेली नाही. तिने फक्त अवयव बदलला. २०१८ मध्ये मुलं पळवून त्यांच्या किडन्या काढणाऱ्या टोळ्या फिरताहेत, असे संदेश महाराष्ट्रभर गेले, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक जण मंगळवेढ्याच्या बाजूचे, म्हणजे जत, सांगोला, मंगळवेढा या दुष्काळी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणाऱ्या लोकांपैकी. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एवढं होऊनही १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झालीच. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

अशा पट्ट्यात तर्काची बाजू लावून धरणारा माणूस साताऱ्याचा होता आणि तो डॉक्टर होता, याला योगायोग म्हणता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, साताऱ्यात दहा-बारा वर्षं दवाखाना चालवला, मग अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात पडले. आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकही होते. रोगी बघण्याची सवय असलेला संपादक मराठीत दुर्मीळ. गावोगावच्या सभांत ते आधी माणसाला बोलू देत, त्याची भीती काय आहे ते समजून घेत, मग चमत्कार करून दाखवत आणि तो कसा केला तेही सांगत. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यात एक कलम थेट दवाखान्याशी जोडलेलं आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. त्या कलमामागे पावसाळ्याच्या रात्री उशिरा दवाखान्यात आणलेले किती रुग्ण असतील, याची कल्पना ग्रामीण भागातला कुठलाही डॉक्टर देईल.

सांगलीने दुसरा एक माणूस दिला ज्याने आरोग्याची माहिती गावाच्या अभिमानाचा विषय केली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आबा, ग्रामविकास मंत्री असताना, २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. शौचालय बांधा म्हणून सरकार तोवर पत्रकं वाटतच होतं. आबांनी त्याची स्पर्धा केली, बक्षिसं लावली, आणि जिल्हा आवृत्त्यांना रोज एका गावाची बातमी मिळू लागली. शेजारचं गाव पेपरात आलं हे वाचून जे काम झालं ते जंतूंची चित्रं बघून झालं नव्हतं. याच आबांचं १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने निधन झालं. राज्यात गुटखाबंदी आली होती २०१२ मध्ये, ते गृहमंत्री असताना. तंबाखूच्या पुडीवरचं घशाचं चित्र रोज बघूनही न हललेली माणसं त्या दिवशी अंजनीत नि तासगावात सुन्न झाली. ते चित्र कुणाचं तरी होतं; आबा त्यांचे होते.

ओळखीचा माणूस सांगतो तेव्हा माहिती पूर्ण होते, याचा सर्वांत ठळक अनुभव सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एड्सविषयीच्या जाहिरातींत कवट्या असत, यमदूत असत आणि बोट असे वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायांकडे. वर्तमानपत्रांची भाषाही ‘विळखा’, ‘अड्डा’ यापलीकडे जात नसे. मीना सेषू यांनी १९९२ मध्ये ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू केलं तेव्हा ही अर्धी बातमी त्यांनी उलटी धरली. रोग पसरवणाऱ्या म्हणून ज्यांची नावं येत होती त्यांनाच निरोधाची आणि आजाराची माहिती देणाऱ्या कार्यकर्त्या केलं. १९९६ मध्ये त्या बायांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, पोलिसाला काय, डॉक्टरला काय, हे त्या एकमेकींत ठरवू लागल्या. पुढे २००५ मध्ये अमेरिकी मदतीसोबत वेश्याव्यवसायविरोधी शपथ घ्यायची अट आली, तेव्हा संस्थेने पैसे परत केले. जिच्याकडून माहिती घ्यायची तिलाच आधी पापी ठरवायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

रेडिओची गोष्टही याच धाग्यातली. माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे ९०.४ मेगाहर्ट्‌झवरचं सामुदायिक केंद्र २००८ मध्ये सुरू झालं, तर जत तालुक्यातल्या जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. सामुदायिक केंद्राचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा. त्यात तोटा दिसतो, पण फायदा तोच आहे. बोलणाऱ्या बाईचं माहेर कुठलं हे ऐकणारीला माहीत असतं. ती चुकली तर बाजाराच्या दिवशी तिला कुणीही अडवून विचारू शकतं. जतच्या पूर्व भागात घरात कन्नड आणि शाळेत मराठी चालते; मुंबईत लिहिलेली आरोग्याची जाहिरात तिथल्या आजीच्या कानात जाते, डोक्यात जात नाही.

लसीच्या वेळी हे पुन्हा दिसलं. २०२१ च्या सुरुवातीला लस आली तेव्हा कुणी घेईना. लसीने पौरुष जातं, दोन वर्षांत माणूस मरतो असे संदेश फिरत होते. दुसरा संदेश नोबेल विजेते लुक मॉन्तॅनिए यांच्या नावावर मे महिन्यात फिरला आणि तो बनावट असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. त्याच मे महिन्यात पहाटे चारला चपला ठेवून टोकनचा नंबर लावला जात होता. आधी कुणी घेईना, मग कुणाला मिळेना. मधल्या काळात कुठलंही पोस्टर बदललं नव्हतं. गल्लीत माणसं गेली होती, आणि ज्यांनी लस घेतली ती समोर हिंडत-फिरत होती.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण २०२५ च्या जानेवारीतलं. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं आठवड्याभरात साताऱ्या-सांगलीतल्या प्रत्येक ग्रुपवर होती, आणि हातपाय लुळे पडतात एवढंच सोबत लिहिलेलं. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूंनंतर क्वचित कुणाला हा त्रास होतो, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बहुतेक रुग्ण बरे होतात, हे मागाहून आलं. फेब्रुवारीत अजित पवारांनी कच्चं राहिलेलं चिकन खाऊ नका, नीट शिजवून खा असं सांगितलं. त्यातला ‘नीट शिजवून’ हा भाग वाटेत गळला आणि विट्याच्या शेडवाल्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला.

पण या वेळी काही गावांत एक वेगळा प्रश्नही विचारला गेला, आणि तो विचारला गेला ग्रामपंचायतीत. पाण्यात टीसीएल टाकलं का? गावाच्या टाकीत ही क्लोरीनची पांढरी पावडर टाकायचं काम जलसुरक्षकाचं. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाणी सुटायला उशीर झाला तर शिव्या खायला तेवढा तो लागतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आरोग्य खातं पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. ते कार्ड कार्यालयाच्या भिंतीवर सरपंचांच्या फोटोशेजारी लटकत असतं. त्या जानेवारीत बायांनी ते कार्ड वाचलं. आशाताईंना विचारलं, हिरवं म्हणजे चांगलं ना? ताई म्हणाल्या, कार्ड ऑक्टोबरचं आहे, आजचं बघायचं तर ओटी टेस्ट करा. मग जलसुरक्षकाने गल्लीच्या शेवटच्या नळाखाली काचेची नळी धरली, ती भरल्यावर बाटलीतल्या द्रावणाचे थेंब टाकले आणि नळी उन्हाकडे धरली. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन पोचलंय. तसंच राहिलं की नाही. भोवती पाच-सहा जणी हंडे घेऊन उभ्या होत्या. एकीने मोबाइल काढून त्या नळीचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: आपल्या गल्लीचं पाणी, आज सकाळी साडेसात.